देवदत्तदादांचं पिवळं कार्ड

आमच्या हेर्त्सोगेनआउराखमध्ये कोणा मराठी माणसाला आफ्रिकेत सफारीला जायचं झालं, की ट्रॅव्हल कंपनीच्या आधी फोन जायचा तो देवदत्तदादा गजभियेंना. फक्त आमच्या गावातून नाही, एर्लांगेन, न्युर्नबर्ग, पार म्युनिकहूनसुद्धा. येनाला पीएचडी करणाऱ्या उत्कर्षने लग्नाचा हॉल ठरवण्याआधी दादांना फोन केला होता, कारण हनिमून टांझानियात करायचं त्याच्या डोक्यात होतं. आणि गंमत अशी, की हे सगळं ज्ञान वाटणारा माणूस स्वतः कधी आफ्रिकेत पाऊल ठेवून आला नव्हता. मी त्यांना तोंडावर म्हणायचे, "दादा, तुम्ही म्हणजे स्वतः बिनलग्नाचे राहून दुसऱ्यांची लग्नं जुळवणारे." ते हसायचे, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि पुढच्या फोनला लागायचे.

फोन आला की ते पहिल्यांदा बॅग विचारत. कडक, चाकांची आहे का? मग ती खाली केलरमध्ये, तळघरातच राहू दे. मसाई माराच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या लहान विमानात सामानाचं दार घरातल्या खिडकीएवढं असतं. तिथे दाबून बसवता येईल अशी मऊ पिशवीच लागते, आणि हातातली पर्स धरून पंधरा किलोच्या वर काही चालत नाही. मग कपडे. काळा आणि गडद निळा नको, त्या रंगांवर त्सेत्से माशी येते आणि ती जीन्समधूनसुद्धा चावते. लष्करी छापाचे तर मुळीच नकोत, केनियात ते साध्या माणसाने घालायला बंदी आहे. प्लास्टिकची पिशवी नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतील. विषुववृत्त म्हणून स्वेटर सोडून जाऊ नका, पहाटेच्या उघड्या गाडीत दातावर दात वाजतात. मलेरियाची गोळी जेवणाबरोबर, उपाशीपोटी नाही. गाडीत बसून राहायचं. सिंहाला गाडी आणि माणसं मिळून एकच मोठं जनावर वाटतं, त्यातून तुम्ही वेगळे उठून उभे राहिलात की त्याचं मत बदलतं. घरचा चिवडा तंबूत ठेवायचा नाही, माकडांना चेन उघडता येते. माझ्या मैत्रिणीने, सुकन्याने, सावजी मसाल्याचं विचारलं तर म्हणाले, ने खुशाल, फक्त माकडाला ठसका लागला तर तूच त्याला पाणी पाज.

आणि सगळ्यात शेवटी लस. हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा सांगेन. जर्मनीतून थेट केनियाला जाऊन थेट परत येणार असाल तर पिवळ्या तापाची लस सक्तीची नाही. पण तिकडून भारतात जाणार असाल तर लस टोचल्याचं पिवळं कार्ड पाहिजेच, आणि ते टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. कार्ड नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवस वेगळं ठेवतात. "तिथे मग रडून-भेकून काही होत नाही," असं दादा बजावून सांगायचे. तेव्हा ते वाक्य आम्ही कोणी मनावर घेतलं नाही.

दादा इथल्या कंपनीत बेअरिंगच्या चाचणी विभागात आहेत. बेअरिंग फिरवत ठेवायचं आणि ते कधी बिघडणार हे त्याच्या आवाजावरून आधी ओळखायचं, हे त्यांचं काम. बायको सुधाताई, मुलगी धम्मदीपा. धम्मदीपाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. माणूस अतिशय नियमाचा, इतका की कधीकधी त्यांचा राग यायचा. धम्मदीपा सहा वर्षांची झाली त्याच दिवशी आम्ही सगळे न्युर्नबर्गच्या प्राणिसंग्रहालयात जायला निघालो होतो. ट्रेनमध्ये कंडक्टर आला, पोरीकडे बघून गोड हसला आणि पुढे निघाला. दादांनी त्याला हाक मारून थांबवलं आणि सांगितलं, आज हिला सहा पूर्ण झाली, आता हिचं तिकीट लागेल ना? मी म्हटलं, दादा, तुम्ही जर्मन लोकांनाही लाजवाल. ते म्हणाले, हे जर्मनीचं नाही, आमच्या आईचं आहे.

आई म्हणजे लीलाबाई. नागपूरला इंदोऱ्यात राहायच्या, महापालिकेच्या शाळेत आया होत्या. नवरा लवकर गेला, दोन मुलं त्यांनी एकटीने वाढवली. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी देवदत्त आणि धाकटा जीवन, दोघांना बुद्धाच्या फोटोसमोर उभं करून त्या त्रिशरण-पंचशील म्हणून घ्यायच्या. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, ते म्हणून झालं की थांबायच्या. दोघांच्या तोंडाकडे एकेक करून बघायच्या. मग पाचवं. दादा सांगायचे, त्या थांबण्यात आदल्या दिवशीचं सगळं खोटं आपोआप बाहेर यायचं, फोडलेली पाटीसुद्धा. आमच्या इथे बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला चर्चचा हॉल, गेमाइंडेझाल, भाड्याने घेऊन कार्यक्रम होतो, तेव्हा वंदना दादाच सांगत आणि आम्ही मागून म्हणत असू. चौथ्यानंतर तेही किंचित थांबत आणि आमच्याकडे बघत. मुलं तेव्हा एकमेकांना कोपराने ढोसत.

सफारीचं वेडही लीलाबाईंनीच लावलेलं. एका रविवारी त्या मुलांना महाराजबागेत घेऊन गेल्या होत्या. पिंजऱ्यात सिंह या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता फिरत होता. देवदत्तने विचारलं, याचं घर इथंच आहे का? तर त्या म्हणाल्या, "नाही रे बाबू. त्याचं घर लय दूर आहे. मोठा झाला का पाहून ये, आन मले सांग." दादा मोठे झाले, शिकले, जर्मनीत आले, जर्मन पासपोर्टही घेतला. सिंहाच्या घराबद्दल वाचायचं तेवढं वाचून काढलं. पण गेले नाहीत, कारण वर्षाचा सगळा उर्लाउब, कामावरची सगळी सुट्टी, नागपूरला जायची. एकही वर्ष चुकलं नाही. लीलाबाईंना त्यांनी इकडे आणून पाहिलं होतं, पण हिवाळ्यातल्या रविवारी खिडकीतून रिकामा रस्ता बघून त्यांनी विचारलं, "इथली माणसं गेली कुठं सारी?" आणि परतीच्या विमानाची वाट बघत बसल्या. तेव्हापासून दरवर्षी दादाच जात.

मागच्या वर्षी मात्र सुधाताईंनी हट्टच धरला. धम्मदीपा शाळा संपवून दुसऱ्या शहरात जाणार, मग तिघांनी मिळून जाणं कधी होणार? लीलाबाईंची तब्येत ठीक होती, वयाच्या मानाने तर फारच चांगली. दादांनी व्हिडिओ कॉलवर त्यांना विचारलं, म्हणजे परवानगीच मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जाऊन ये ना. सिंह पाहून ये, आन मले सांग. मी का कुठं पळून चालली?" हे वाक्य दादांनी आम्हाला सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून सांगितलेलं मला आठवतं.

मग तयारी. मऊ पिशव्या आल्या, खाकी शर्ट आले, दुर्बीण आली. सुधाताईंनी निळा स्वेटर पिशवीत टाकला तो दादांनी काढला, ताईंनी परत टाकला, दादांनी परत काढला. स्वतःच्या प्रवासाला दादांनी आपलाच नियम लावून पाहिला. फ्रांकफुर्टहून नैरोबी, नैरोबीहून फ्रांकफुर्ट. डॉक्टर म्हणाला होता, पिवळ्या तापाची लस घेतलीत तर बरं. दादांनी विचारलं, सक्तीची आहे का? नाही. मग विषय संपला.

मी यावर खूप विचार केलाय आणि मला वाटतं ही चूक आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते. जर्मन माणूस आफ्रिकेतून घरी येतो तेव्हा तो घरीच येतो. आमचं एक दार इथे आणि एक तिथे, आणि कुठल्या दारातून हाक येईल याचा नेम नाही. दादांनी हजारदा दुसऱ्यांना सांगितलं होतं, भारतात जाणार असाल तर. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या सुट्टीत भारत नव्हता. त्यामुळे ते वाक्य आपल्यासाठी आहे हे त्यांना कळलंच नाही.

ऑगस्टमध्ये ते गेले. सुधाताईंचे फोटो येत होते. हत्ती, नदीकाठचे झेब्रे, पांघरुणात गुंडाळून गाडीत बसलेली धम्मदीपा. मग एक व्हिडिओ आला. काटेरी झाडाच्या सावलीत एक मोठा सिंह जांभई देतोय आणि मागून दादांचा दबका आवाज, "आई, हा बघ. हा त्याच्या घरी आहे." तो व्हिडिओ त्यांनी नागपूरसाठीच काढला होता. कॅम्पमध्ये नेट फक्त जेवणाच्या तंबूत चालायचं, म्हणून पाठवायला दुपारपर्यंत थांबावं लागलं. पाठवून ते जेवायला बसले आणि जीवनचा फोन आला. सकाळी आईला लकवा मारला होता. आयसीयूत होत्या, शुद्धीवर होत्या, पण बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या.

तिघंही मिळेल त्या विमानाने नैरोबीला आले. दादा मुंबईचं तिकीट काढायला गेले आणि काउंटरवरच्या बाईने पहिल्यांदा काय मागितलं असेल? पिवळं कार्ड. सुधाताई सांगतात, त्या क्षणी अहोंचा चेहरा पाहून मला वाटलं यांनाच काही होतंय. त्यांना समजावून सांगायची काही गरजच नव्हती, सगळा नियम त्यांना पाठ होता. आता टोचून घेऊन उपयोग नव्हता. आधी जर्मनीला जाऊन मग भारतात जाऊनही उपयोग नव्हता, आफ्रिका सोडून सहा दिवस व्हावेच लागतात.

त्यांना विमानतळावर सोडायला जो ड्रायव्हर आला होता, जोसेफ, तो भला माणूस होता. त्याने दादांना बाजूला घेऊन सांगितलं, माझ्या ओळखीत एक जण आहे, मागच्या महिन्याची तारीख टाकून कार्ड करून देईल, विमान सुटायच्या आत हातात मिळेल. सुधाताई म्हणाल्या, "अहो, घ्या. कोणाला कळणारे?" धम्मदीपा रडत होती. ती म्हणाली, "पापा, निम एस आइनफाख. बिटे." घेऊन टाका ना, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

दादा म्हणाले, "आईला भेटायला खोटं कार्ड दाखवून जाऊ?"

मी तिथे असते तर ते कार्ड मी त्यांच्या खिशात कोंबलं असतं. मला आजही त्या वाक्याचा राग येतो. पण दादांचं म्हणणं असं, की मुंबईला तर पोचू. पुढे माणसंच आहेत ना, आपली माणसं आहेत, मराठीत सांगू, समजून घेतील. विमान कंपनीच्या बाईने बजावलं की तिथे अडवतील. अडवू देत, म्हणाले, निदान देशात तरी असेन. सुधाताई आणि धम्मदीपा जर्मनीला परतल्या, नाहीतर तिघांनाही अडकावं लागलं असतं.

मुंबईला आरोग्य तपासणीच्या टेबलावर एक तरुण डॉक्टर मुलगी होती. दादांनी तिला सगळं खरं सांगितलं. जीवनने आयसीयूतून पाठवलेला व्हिडिओ दाखवला. नागपूर इथून विमानाने दीड तासावर आहे, आईला बघून मी स्वतः परत येऊन बसतो, असंही म्हणाले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, असं दादा सांगतात. पण ती म्हणाली, काका, मला अधिकारच नाही. आणि ते तिला बोलू शकले नाहीत, कारण तिच्या जागी ते असते तरी त्यांनी हेच केलं असतं. जीवन नागपुरात माजी नगरसेवकापासून कोणाकोणाच्या दारात जाऊन आला. सगळ्यांनी फोन केले. नियम नियमाच्या जागी राहिला.

विलगीकरणाच्या खोलीला डास येऊ नयेत म्हणून खिडक्यांना बारीक जाळी असते, दार दुहेरी असतं, आणि पलंगाला मच्छरदाणी. खाकी शर्ट घातलेला हा माणूस तिथे बसून राहिला. बाकी कपडे सफारीचेच होते. त्यांना ताप नव्हता, काहीच नव्हतं. सकाळ-संध्याकाळ नर्स ताप बघून जायची.

जीवनने एक गोष्ट चांगल्या मनाने केली आणि तीच सगळ्यात वाईट ठरली. त्याने आईच्या कानाशी वाकून सांगितलं, दादा आला, मुंबईला उतरला, आता येतेच. लीलाबाईंना बोलता येत नव्हतं, पण ते त्यांना कळलं. त्यांनी मान दाराकडे वळवली. नंतर नर्स आली, डॉक्टर आले, सफाईवाली आली, दार उघडलं की त्या बघायच्या. जीवनने सिंहाचा व्हिडिओ समोर धरला, तर त्यांनी तो पाहिला नाही, त्यांना फोनच्या पलीकडचं दार बघायचं होतं. जीवनने मग दादांना व्हिडिओ कॉल लावून दिला. दादा इकडून आई, आई करत राहिले. त्यांच्या आवाजाने त्या आणखीच दाराकडे बघायला लागल्या. शेवटी जीवनने कॉल बंद केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. मान तिकडेच होती.

नातेवाईक म्हणाले थांबू, शवपेटी आणू, मोठ्या मुलाने तोंड तरी बघावं. जीवनने दादांना विचारलं. दादा म्हणाले, "माझ्यासाठी आईला बर्फात ठेवू नको, जीवन. तिला थंडी सोसत नाही." लीलाबाई जर्मनीत आल्या होत्या तेव्हा घरातही दोन स्वेटर घालून बसायच्या, ते त्यांच्या डोक्यात असणार.

त्याच दिवशी संध्याकाळी घाटावर नेलं. वस्तीतली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत आली होती. भन्ते आले होते, पण जीवनने सांगितलं, पंचशील दादा म्हणतील, आईला तेच आवडलं असतं. फोन स्पीकरवर लावून चितेजवळ धरला. मुंबईच्या त्या जाळीच्या खोलीतून दादांनी त्रिशरण म्हटलं, पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं. लोक मागून म्हणत होते. मग आवाज आला नाही. लोकांना वाटलं नेटवर्क गेलं. जीवनने फोन हलवून पाहिला, उंच धरला. कॉल चालू होता, सेकंद पुढे सरकत होते. मग भन्तेंनीच चौथं म्हणून घेतलं आणि पाचवंही.

सुटका झाल्यावर दादा नागपूरला गेले. तिथे आता जायची घाई नव्हती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बसले, आल्यागेल्याला जय भीम केला, आणि परत आले. इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी कामावर गेले. मी भाजी-भाकरी घेऊन गेले तर धम्मदीपाने दार उघडलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा झोपले नाहीत, पण झोपले असं सांगायला सांगितलंय आईने." हॉलमध्ये मऊ पिशवी तशीच पडली होती. तिच्यावर लाल धूळ होती. आता किती महिने झाले, ती पिशवी अजून केलरमध्ये गेलेली नाही.

फोन अजूनही येतात, म्युनिकहून, कुठून कुठून. ज्यांना माहीत नाही ते सफारीचं विचारतात. दादा आता बॅग विचारत नाहीत, कपडे विचारत नाहीत. विचारतात, "आई-वडील आहेत? भारतात?" आहेत म्हटलं, की ताबडतोब लस टोचून घ्यायला सांगतात, तिकीट कुठलंही असो. आणि कोणी म्हणालं की दोघंही नाहीत, तर म्हणतात, "मग खुशाल जा. तुम्हाला काही लागत नाही." फोन ठेवल्यावर समोरचा माणूस मला फोन करून विचारतो, तुमच्या दादांना झालंय काय? मी सांगत नाही.

या एप्रिलमध्ये सुकन्याने आणि मी केनियाचं ठरवलं. दादांपासून लपवायचं असंही ठरवलं होतं, पण अशी बातमी आमच्या लोकांत दोन दिवस टिकत नाही. दादांचा फोन आला. "हर्षा, तुझी आई आहे ना औरंगाबादला?" मी हो म्हटलं. शनिवारी येतो म्हणाले, मीच तुला न्युर्नबर्गला घेऊन जातो. मी एकटी जाईन म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही.

लस देणारी डॉक्टर बाई वयस्कर आणि बोलकी होती. मला टोचून झालं, पिवळं कार्ड भरून झालं, तर दादा पुढे सरकून खुर्चीवर बसले आणि म्हणाले मलाही द्या. तिने विचारलं, कुठे निघालात?

"नाख इंडिएन," दादा म्हणाले. भारतात.

ती हसून म्हणाली, अहो, भारतासाठी ही लस लागत नाही.

"गेनाऊ," दादा म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर, आणि बाही वर केली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. बरं तर, ती म्हणाली, तुमची मर्जी, आणि सुई टोचली. कार्डावर शिक्का मारताना तिने त्यांना आनंदाने सांगितलं की हे आता जन्मभर चालेल, पुन्हा कधी टोचावं लागणार नाही. दादांनी दांके म्हटलं आणि कार्ड खाकी शर्टाच्या खिशात ठेवलं. तो शर्ट ते आजकाल कशावरही घालतात.

परतताना ते गाडी नेहमीसारखी मर्यादेच्या खालीच चालवत होते. मागून लोक दिवे दाखवत होते. मी इतके महिने तोंड दाबून धरलं होतं, ते त्या दिवशी राहवलं नाही. मी म्हटलं, दादा, त्या जोसेफचं कार्ड का नाही घेतलंत? एक कागद होता हो. एक कागद.

त्यांनी आरशात पाहिलं, मागच्या गाडीला पुढे जाऊ दिलं. मग म्हणाले, "मला वाटलं, मी आईचंच ऐकतोय." पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "ती दाराकडं बघत होती, हर्षा. तिला माझं शील नको होतं. मी हवा होतो."

मला काहीतरी समजुतीचं सुचायला हवं होतं, बुद्धाचं, बाबासाहेबांचं, कोणाचंही. सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. सिग्नल हिरवा झाला आणि आम्ही घरी आलो. सुधाताईंनी चहा केला, दोघांचे दंड दुखायला लागले होते, तेवढ्याबद्दलच बोलणं झालं.

परवा बुद्धपौर्णिमा झाली. गेमाइंडेझालच्या खुर्च्या मांडून झाल्या, मेणबत्त्या लावल्या, आणि सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. मागे चौदा एप्रिलला असं झालं होतं, की तिसऱ्या शीलानंतर ते गप्प झाले आणि एकदम पाचव्यावर गेले. एका लहान मुलीने मोठ्याने सांगितलं, चौथं राहिलं. तिच्या आईने तिचा हात दाबला. नंतर कोणी काही ठरवलं नाही, कोणी कोणाशी बोललंही नाही. सुधाताईंनी एकदा म्हणून पाहिलं होतं की वंदना दुसरं कोणी सांगू दे, तर सगळे म्हणाले, नको, दादाच.

त्यामुळे परवापासून आमच्याकडे असं चालतं. दादा पहिलं, दुसरं, तिसरं सांगतात आणि थांबतात. चौथं आम्ही सगळे आमचं आमचं हळू आवाजात म्हणतो, धम्मदीपाही म्हणते. तेवढा वेळ दादा हॉलच्या दाराकडे बघत असतात. मग पाचवं सांगतात.